पात्याच्या रेषेतली खुर्ची

एका डोंगरपठारावर एक गाव होतं, आणि त्या गावाला विमानांचं भारी वेड होतं. माणसं बसतात ती विमानं नव्हेत बरं का! हलक्या लाकडाची, कागदानं मढवलेली, दोन हातांवर सहज उचलता येतील अशी छोटी विमानं. पण त्यांच्या नाकावर मुठीएवढं खरंखुरं इंजिन असायचं आणि इंजिनापुढे लाकडी पंखा; उडवायची ती खाली उभं राहून, हातातल्या रिमोटनं. दरवर्षी सुगी आटोपली की गावामागच्या माळावर उड्डाणाचा मेळा भरायचा. त्या दिवशी घरोघरी भाकऱ्या बांधून घ्यायच्या, दाराला कडी घालायची आणि अख्खं गाव माळावर.

त्या गावात वेणू नावाची एक सून होती. माहेरी तिनं असलं काही पाहिलं नव्हतं. लग्नानंतरच्या पहिल्याच मेळ्यात ती आभाळाकडे इतका वेळ बघत राहिली, की संध्याकाळी तिची मान धरली. थोरली जाऊ गोदाक्का मानेला तेल चोळता चोळता म्हणाली, "एवढं आवडलं तर आपणच एक करू की!"

आणि दोघी जावांनी खरंच विमान केलं. पांढऱ्याशुभ्र पंखांचं, लाल शेपटीचं.

इंजिन चालू करायला मात्र शिकावं लागतं. गावातल्या शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या एक बाई होत्या, त्या नवशिक्यांना शिकवत. त्यांनी वेणूला आधी पदर खोचायला लावला, हातातल्या बांगड्या उतरवायला लावल्या, डोळ्यांवर चष्मा चढवायला लावला. मगच इंजिन दाखवलं.

"आधी याला घोट पाजायचा," बाई म्हणाल्या. "हवा आत जाते त्या तोंडावर बोट ठेवायचं आणि पंखा हातानं हळू फिरवायचा, म्हणजे इंधन वर चढतं. तोवर इंजिन पेटवणारी बॅटरी लांब ठेवायची. आणि घोट म्हणजे घोट हं, आंघोळ नाही! मग इंजिनाचा वेग अगदी कमी ठेवायचा, बॅटरी जोडायची आणि पंख्याला काठीनं झटका द्यायचा. बोटानं कधीच नाही."

"आणि लोकांनी कुठं उभं राहायचं?" वेणूनं विचारलं.

बाईंना हा प्रश्न फार आवडला. "मागे. पंखा फिरतो त्याच्या रेषेत, डाव्या-उजव्या अंगाला, कुणीही नको. पातं तुटलं तर ते गोफणीतल्या दगडासारखं बाजूला सुटतं. रेषेत माणूस असेल तर इंजिन चालू करायचं नाही. मग तो माणूस कुणी का असेना!"

मेळ्याचा दिवस उजाडला. माळावर नुसती गर्दी! इकडे भिर्रर्र, तिकडे भिर्रर्र, हवेत इंधनातल्या एरंडेलाचा जळका वास, पोरांची धावाधाव. पहिल्या फेरीचा हिरवा झेंडा वर गेला. झेंडा खाली यायच्या आत जी विमानं उडतील, त्यांच्यातल्याच एकाला मानाचा फेटा मिळायचा. बाई पंच म्हणून दूर माळाच्या टोकाला बसल्या होत्या.

गोदाक्कानं मागे बसून विमानाची शेपटी घट्ट धरली. वेणूनं इंजिनाला एक घोट पाजला. पुरला का? आणखी एक पाजला. असू दे म्हणून तिसराही पाजला. आणि पंखा जड झाला, फिरता फिरेना.

"जोर लाव, जोर!" गर्दीतून कुणी ओरडलं.

पण वेणूनं जोर लावला नाही. बॅटरी अजून जोडलेली नव्हती. तिनं विमान उलटं केलं, जास्तीचं इंधन गळू दिलं, पंखा पुन्हा हलका होईपर्यंत हळूहळू फिरवला. शेजारची दोन विमानं एव्हाना आभाळात गेली होती.

"आता होतंय बघ!" गोदाक्का म्हणाली.

वेणूनं बॅटरी उचलली, वर पाहिलं आणि तिचा हात थांबला.

आबा आले होते. आबा म्हणजे तिचे सासरे. त्यांचा शब्द घरात शेवटचा. ते बसले की घर बसायचं, ते उठले की घर उठायचं. सुनेचं विमान जवळून दिसावं म्हणून त्यांनी कापडी खुर्ची आणली होती आणि नेमकी पंख्याच्या उजव्या अंगाला मांडली होती. मांडीवर नात चिमी बसली होती, टाळ्या पिटत.

"आबा," वेणू हळूच म्हणाली, "तुम्ही जरा मागे बसाल का?"

"इथून झकास दिसतंय. तू कर सुरू."

"तिथं धोका आहे, आबा. पातं तुटलं तर बाजूला येतं."

आबा हसले. "सूनबाई, तुझा जन्म झाला नव्हता तेव्हापासून मी हे मेळे बघतोय. कधी कुणाला काही झालेलं नाही. चल, झेंडा खाली येईल."

लोक वळून बघायला लागले. गोदाक्का कुजबुजली, "वेणू, अगं, चारचौघांत त्यांना उठवतेस? घरी गेल्यावर काय होईल? एकच झटका, आणि विमान वर!"

एकच झटका! वेणूचं सगळं अंग तेच मागत होतं. रात्ररात्र जिचं स्वप्न पाहिलं, ती लाल शेपटी आभाळात बघायला फक्त एक झटका. तिनं हातातल्या काठीकडे पाहिलं, आबांच्या तापत चाललेल्या चेहऱ्याकडे पाहिलं, चिमीच्या टाळ्यांकडे पाहिलं.

मग तिनं काठी खाली ठेवली.

"आबा, तुम्ही मोठे आहात. घरी मला हवं ते बोला, मी ऐकून घेईन. पण तुम्ही आणि चिमी तिथं असेपर्यंत मी हे इंजिन चालू करणार नाही."

आबांचे कान लाल झाले. गर्दीत कुणी खुदकन हसलं. आबा जागचे हलेनात, आणि वेणूही हलेना. तेवढ्यात हिरवा झेंडा खाली आला. फेटा गेला!

"झालं समाधान?" असं म्हणून आबा तडक उठले. रागानं खुर्ची तिथंच टाकून, चिमीला कडेवर घेऊन पार मागे जाऊन उभे राहिले.

वेणूनं डोळे पुसले, चष्मा पुन्हा चढवला. फेटा नाही तर नाही, विमान तर आहे! तिनं सगळ्यांवरून नजर फिरवली, बॅटरी जोडली आणि काठीनं झटका दिला. एक. दोन. आणि इंजिन कडाडून जागं झालं! भिर्रर्र! वेणू लांबून वळसा घालून मागे आली, बॅटरी काढली, हातातल्या रिमोटनं वेग वाढवला.

टण्ण!

विमान थरथरलं. वेणूनं झटकन इंजिन बंद केलं. पंख्याला एकच पातं उरलं होतं. दुसरं कुठं गेलं, ते कुणाला शोधावं लागलं नाही. आबांच्या रिकाम्या खुर्चीच्या कापडात, बरोबर मधोमध, एक भोक पडलं होतं.

आबा चिमीला गोदाक्काकडे देऊन खुर्चीजवळ गेले. त्यांनी भोकातून हात घातला, तो पलीकडे निघाला.

"आबा, चूक माझी," वेणू म्हणाली. "सकाळी गाडीतून उतरवताना पंखा दगडावर आपटला होता. वरून धड दिसला म्हणून मी तोच ठेवला. तेव्हाच बदलायला हवा होता."

आबांनी मान वर केली. "दुसरा आहे?"

"आहे."

"मग तो बसव. आधी नीट तपास, मग बसव. आणि वेणू..." आबांनी तिला पहिल्यांदाच नावानं हाक मारली होती, "आम्ही कुठं उभं राहायचं, ते तू सांग."

वेणूनं नवा पंखा उजेडात धरून दोन्ही अंगांनी पाहिला, बोट फिरवून पाहिला आणि बसवला. एक घोट, एकच. बॅटरी. काठी. इंजिन पहिल्याच झटक्यात गाऊ लागलं. गोदाक्कानं शेपटी सोडली, विमान गवतावरून धावलं, उसळलं आणि उठलं! वर, आणखी वर, पांढरे पंख उन्हात झळकवत.

"गेलं गं, गेलं!" गोदाक्का चिमीला उचलून नाचायला लागली.

वेणूनं रिमोटनं विमानाला एक मोठी घिरटी घ्यायला लावली. माळावरून तिच्या कानावर कुणाचा तरी खणखणीत आवाज येत होता. आबा टोपी हातात घेऊन एका विमानाकडून दुसऱ्या विमानाकडे धावत होते आणि भल्याभल्यांना दटावत होते, "ओ पाटील, उठा तिथून! पात्याच्या रेषेत बसू नका! माझी सून सांगतेय!"

या गोष्टीनं शिकवलं ते इतकंच: मोठ्यांचा मान राखावा, पण त्यांचा जीव आधी राखावा, आणि आनंदाची घाई झाली असेल, तेव्हाच हात क्षणभर थांबवावा.