अच्युतरावांना हरायचं होतं

"म्हणजे मी हरलो की अनुग्रह? आजच्या आज?"

"आजच्या आज," रंगनाथबुवा म्हणाले आणि थालीपिठाचा शेवटचा तुकडा लोण्यात बुडवून त्यांनी तोंडात टाकला.

अच्युतराव मुंडल्यांचा जीव भांड्यात पडला. किती वर्षं ते बुवांच्या मठात खेटे घालत होते. दर खेपेला म्हणायचे, "बुवा, मला गुरुमंत्र द्या." दर खेपेला बुवा म्हणायचे, "बघू." आणि उद्या तर बुवा मठ सोडून कायमचे नर्मदेकाठी राहायला निघाले होते. आज नाही तर कधीच नाही, असा मामला.

अट एकच. अच्युतरावांच्या घरी, माडीवरच्या मोटारींच्या खेळात अच्युतरावांनी बुवांकडून हरायचं.

आता हा खेळ काही दुकानातून आणलेला नव्हे. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यावर अच्युतरावांनी तो घरीच, स्वतःच्या हातांनी केला होता. पलंगाएवढी प्लायवूडची फळी, तिच्यावर वळणावळणाचा रस्ता, रस्त्यात मशीनने कोरलेल्या दोन खाचा आणि खाचांच्या कडेने विजेसाठी तांब्याच्या पट्ट्या. प्रत्येक मोटारीच्या पोटाखाली एक खुंटी. ती खाचेत बसवायची, हातातला चाप दाबायचा, की मोटार सुटली. चाप जास्त दाबला तर वळणावर खुंटी निसटते आणि मोटार जाते उडत. एवढंच काय ते शास्त्र.

पण हे अच्युतरावांपुढे म्हणू नये. फळी कशी घासली इथपासून सुरुवात होते आणि संध्याकाळ होते. सुताराला त्यांनी जिना चढू दिला नव्हता. आणि आजवर गावातला एकही माणूस त्यांना हरवू शकला नव्हता. मेहुणे, डॉक्टर, पोस्टमास्तर, सगळे एकेकदा आले, हरले, चहा पिऊन गेले. पुन्हा कोणी फिरकलं नाही.

"हरायला काय अक्कल लागते?" अच्युतराव बायकोच्या कानाशी पुटपुटले.

"तुम्हाला? बघूच," कुमुदताई म्हणाल्या.

पहिला डाव सुरू झाला. अच्युतरावांची मोटार शेवटच्या रेघेच्या वीतभर आधी थांबली. बुवांची डुलत डुलत आली आणि रेघ ओलांडून गेली.

"हरलो!" अच्युतरावांनी हात जोडले.

"कुठे?" बुवा म्हणाले. "तुला थांबायचं होतं, तू थांबलास. सगळं तुझ्या मनासारखं झालं की. ह्याला हरणं म्हणतात होय रे?"

...

दुसऱ्या डावाला अच्युतरावांनी चाप पार दाबून धरला. पहिल्याच वळणावर मोटार उडाली, ती थेट कुमुदताईंनी वाळत घातलेल्या सांडग्यांत.

"अहो, माझे सांडगे!"

"बुवा, आता तरी हरलो ना?"

"नेम चांगला आहे तुझा," बुवा म्हणाले.

तिसऱ्या डावाला अच्युतरावांनी चापाला बोटच लावलं नाही. बघतात तर बुवांनीही लावलेलं नाही. दोन मोटारी रेघेवर उभ्या, दोन म्हातारे समोरासमोर बसलेले... पंखा फिरतोय... कोणी हूं की चूं करेना.

"खेळताय की सुतकात बसलाय?" कुमुदताईंनी विचारलं.

अच्युतरावांना अगदी रडू यायचं बाकी राहिलं. जन्मभर ज्यात हात घातला ते करून दाखवलं, आणि आज साधं हरता येऊ नये? त्यांनी चाप खाली ठेवला.

"नाही जमत, बुवा. माझ्या नशिबातच नाही अनुग्रह. राहू दे."

"राहू दे," बुवा म्हणाले. "मग सरळ खेळ की जरा. आलोय तर मला मजा तरी येऊ दे."

खेळले. आणि सरळ खेळायचं म्हटल्यावर अच्युतरावांच्या अंगात आलं. त्यांची मोटार कशी सुरेख पळत होती! बुवांची मात्र खिडकीजवळच्या वळणावर हटकून पडायची. बुवांचे गुडघे धरलेले, तेव्हा ती उचलून खाचेत बसवायचं काम अच्युतरावांकडेच.

"अहो, वळणावर चाप सैल सोडा!"

"सोडला की."

"कुठे सोडला? डोळ्यांसमोर खोटं बोलताय!"

"अहो, काय बोलताय? कोणाशी बोलताय?" कुमुदताईंनी जीभ चावली. अच्युतरावांना ऐकूच गेलं नाही.

शेवटचा फेरा. अच्युतरावांची मोटार पुढे, रेघ हाताच्या अंतरावर. तेवढ्यात बुवांची मोटार पुन्हा उडाली आणि फळीखाली अडगळीत गेली. अच्युतरावांनी चाप सोडला. रांगत आत गेले, ट्रंकेमागून मोटार काढली, फुंकर मारून धूळ उडवली, वाकलेली खुंटी नखाने सरळ केली आणि लहान बाळाला पाळण्यात ठेवावं तशी ती खाचेत ठेवली.

"हं, आता जरा हळू..."

बुवांनी चाप दाबला.

मोटार अच्युतरावांच्या बोटांखालून सटकली. खिडकीजवळचं वळण तिने असं झोकात घेतलं की बघत राहावं. उभ्या असलेल्या अच्युतरावांच्या मोटारीला मागे टाकून ती रेघेपार झाली.



"थांबा!" अच्युतराव उठले ते फळीवर हात आपटूनच. "हा डाव धरायचा नाही! मी तुमची मोटार उचलत होतो! रडी! बुवा, ही चक्क रडी आहे!"

"अहो!" कुमुदताईंनी कपाळाला हात लावला.

"गप्प बस तू! आजवर कोणी हरवलं नाही मला या फळीवर! पुन्हा खेळायचं, आत्ताच्या आत्ता!"

"आणि अनुग्रह?" बुवांनी विचारलं.

"तो गेला खड्ड्यात! आधी डाव!"

बुवांनी चाप खाली ठेवला. धोतर सारखं केलं. कुमुदताईंकडे वळून म्हणाले,

"अनुग्रहाला पाट मांड गं मुली... गडी हरला."