कडू मंडळाची कारली

“दिवस मावळायच्या आत ही सगळी कारली विकली गेली पाहिजेत! उरतील ती रखमाजीनं इथंच, माझ्यासमोर खायची!” धुंडिराज महाराजांनी हुकूम सोडला आणि म्हाताऱ्या रखमाजी माळ्याला दरबारातच दरदरून घाम फुटला.

कारली साधी नव्हती. महाराजांनी हौसेनं बागेत स्वतःच्या हातांनी लावलेली! पण अशी जहाल कडू निघाली की बकऱ्यांनी तोंड फिरवलं. वाड्यावरच्या माकडानं एक चोरलं, चावलं आणि गुपचूप परत वेलाला अडकवून गेलं!

“फुकट वाटायची नाहीत. शिपायांचा धाक नको. माझं नाव घ्यायचं नाही. आणि खोटं तर एक अक्षर बोलायचं नाही!” महाराजांनी बजावलं.

रखमाजीची लेक सगुणा पुढं झाली. “आणि खरं कितीही बोललं तर चालेल ना, महाराज?”

“खुशाल बोल!”

गाडी बाजारात उभी राहिली. रखमाजीनं घसा कोरडा पडेस्तोवर हाका मारल्या, “ताजी कारली! औषधी कारली!” एकानं तुकडा चाखला आणि तडक विहिरीकडे धावला. दुपार झाली तरी गाडी भरलेलीच!

“पोरी,” रखमाजी कंबरेचा शेला सैल करत म्हणाला, “पाण्याची घागर तेवढी भरून ठेव.”

“बाबा, आपण साऱ्या गावाला विकतोय. साऱ्या गावाला ही नकोच आहेत! चला, गाडी वळवा!”

गावाबाहेरच्या कडुनिंबाखाली तात्या कासाराचं कडू मंडळ जमायचं. ही माणसं मेथीदाणे चघळत गप्पा मारायची, पाहुण्याला निंबाचा रस पाजायची आणि जिलबीचं नाव निघालं की कानांवर हात ठेवायची. कारल्याची साल काढावी की नाही, या वादात दोन सख्खे भाऊ वेगळे निघाले होते!

सगुणानं गाडीवर चादर टाकली आणि मंडळाकडे पाठ करून बसली.

“काय गं आहे त्यात?” तात्यांनी विचारलं.

“कारली. पण तुम्हाला नाही झेपायची. फार कडू आहेत.”

तात्यांनी तोंडातले मेथीदाणे थुंकले.

“फार? आणि आम्हाला?”

“बकऱ्या खात नाहीत, तात्या. माकडानं तर परत केलं.”

“परत केलं?” तात्या ताडकन उठले. “दाखव! आधी दाखव!”

तात्यांनी कच्चंच चावलं. कान लाल झाले, पागोटं घसरलं, डोळ्यांतून धारा लागल्या. “अहाहा! आता महिनाभर जिभेला गोड म्हणून कळायचं नाही!”

मंडळ गाडीवर तुटून पडलं.

“थांबा!” सगुणा ओरडली. “कारल्यात गूळ घालणाऱ्याला मी देणार नाही!”

टाळ्यांचा कडकडाट झाला! माणसं निंबाला हात लावून शपथा घेऊ लागली. शेजारच्या गावांत निरोप गेले. बैलगाड्या आल्या. एक आजोबा तर खाटेवर पडल्या पडल्याच आले!

दिवस कलताना महाराज हत्तीवरून आले. गाडीत एकच कारलं, आणि त्याचा देठ सालीवरून भांडलेल्या त्याच दोन सख्ख्या भावांच्या हातांत!

“उरलं! रखमाजी, आ कर!”

“महाराज, हे उरलेलं नाही, भांडणातलं आहे!” सगुणा म्हणाली. “घेणारे इतके, की द्यावं कुणाला तेच कळेना. विक्री झाली, आता नाव सांगते. मंडळी, ही कारली महाराजांनी स्वतः पिकवलीत! तोंड वाकडं न करता खाईल त्याचं हे कारलं. पहिला मान महाराजांचा!”

सगळं मंडळ भक्तिभावानं वाकलं. आता मागं फिरायची सोय कुठली! महाराजांनी घास घेतला. उजवी मिशी वर गेली, डावी खाली आली, मान गरागरा फिरली!

“अरेरे,” तात्या हळहळले, “गूळ आणा रे महाराजांना!”

एवढी जळजळीत शिवी त्या मंडळात दुसरी नव्हती!

महाराजांनी घटाघटा पाणी ढोसलं. “पोरी, माकडाला नको असलेलं तू माणसांच्या गळ्यात मारलंस तरी कसं?”

“गळ्यात कुठं मारलं, महाराज? ज्यांचा जीव कारल्यातच अडकलाय त्यांच्यासमोर मी फक्त म्हणाले, तुम्हाला नाही झेपायचं!”

महाराज इतके खदाखदा हसले की त्यांच्याबरोबर हत्तीवरची अंबारीही हलायला लागली. “रखमाजी, आजपासून ती बाग तुझी! आणि सगुणा, तिथं काय लावायचं ते तू ठरवायचंस. मी फक्त खायला येईन, तेही तू चाखून दाखवल्यावर!”