चाळण झालेलं मडकं

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा नद्यांना पूल ठाऊक नव्हते आणि मडकी माणसांशी बोलत असत. आता बोलत नाहीत. का, ते पुढे कळेल.

एका नदीकाठच्या गावात अशी रीत होती, की भाऊबिजेच्या संध्याकाळी प्रत्येक सासुरवाशिणीनं नदीकडच्या दारात दिवा टांगायचा. भाऊ पलीकडून होडी घेऊन निघे. दारात दिवा दिसला, तर काठाला लागे. दार अंधारात असलं, तर बहीण रागावली असं समजून होडी वळवी. आणि एकदा वळलेला भाऊ त्या दाराशी पुन्हा कधी येत नसे.

त्या गावात दोन जावा शेजारी शेजारी राहत. त्यातल्या धाकटीला यंदा घोर लागला होता. गेल्या भाऊबिजेला भावानं आणलेल्या जाडजूड तांबड्या लुगड्याला ती चारचौघांत ‘पोतं’ म्हणाली होती. भाऊ न जेवताच उठून गेला होता. आता दिवा असा टांगायचा, की बघताक्षणी त्याचा राग उतरावा, असं तिनं ठरवलं.

पण परतीचा पाऊस लांबला आणि गावातल्या सगळ्या कागदी कंदिलांचा लगदा झाला. म्हणून थोरलीनं घरातलं जुनं मडकं, भोकं पाडताना तडकू नये म्हणून, भिजत घातलं, नदीच्या अंगाला खिळ्यानं चार भोकं पाडली आणि आत पणती ठेवली. झाला कंदील.

“एवढीच भोकं, जाऊबाई?” धाकटीनं विचारलं.

“पलीकडून उजेड दिसल्याशी कारण.”

“तुमच्या भावाला चालेल हो. माझ्याला नाही चालायचं.”

धाकटी आपलं मडकं घेऊन बसली. तिनं भोकांचं कमळ केलं. मग मोर केला. मोर एकटा नको, म्हणून लांडोर केली. मग पिल्लं आली. पिल्लं उपाशी कशी ठेवायची, म्हणून धाकटी त्यांच्यापुढे दाण्यांची भोकं पाडायला लागली, तेव्हा मडक्याला राहवेना.

“बाई, आता पुरे. मी मडकं आहे, चाळण नाही.”

“मडक्यानं पाणी गार करावं,” धाकटी म्हणाली. “सल्ले देऊ नयेत.”

संध्याकाळी तिनं कंदील टांगला. भिंतीभर मोर नाचू लागला. माणसं बघायला थांबली. तेवढ्यात नदीच्या वरच्या अंगानं वारा आला, मोरातून आत शिरला, पिल्लांतून बाहेर पडला आणि पणती विझली. तिनं पुन्हा लावली. पुन्हा विझली.

थोरलीचा दिवा शांत तेवत होता. तिचा भाऊ काठाला लागलासुद्धा. धाकटीचा भाऊ मात्र नदीच्या मध्यावर थबकला. दार अंधारात होतं. त्याच्या होडीचं तोंड हळूहळू वळू लागलं.

“अगं, तो मोर राहू दे,” थोरली म्हणाली. “आडोसा धर काहीतरी.”

धाकटी घरात धावली. हाताला लागलं ते तेच तांबडं लुगडं. मडक्यातली पणती काढून तिनं थोरलीच्या दिव्यावर पेटवली, लुगड्याच्या आडोशानं काठावर नेऊन ठेवली आणि वाऱ्याच्या बाजूनं ते आडवं धरलं. एवढ्या जाड कापडातून वाऱ्याचं काही चालेना. ज्योत स्थिर झाली आणि तिच्या उजेडात लुगडं निखाऱ्यासारखं दिसू लागलं. तो रंग भावानं ओळखला.

होडी काठाला लागली.

“पोतं बाहेर काढलंस का, आक्का?”

“काढलं. वारा त्यानंच अडवला.” ती म्हणाली, “या खेपेला जेवून जा.”

तो जेवून गेला. दोनदा वाढून घेतलं म्हणतात.

ते मडकं पुढे कोंबडी झाकायला कामी आलं. आतल्या कोंबडीला सगळं गाव दिसे. पण सांगून ऐकत नाहीत त्यांच्याशी बोलायचं कशाला, असं मडक्यांनी मिळून ठरवलं आणि तेव्हापासून ती गप्प आहेत.

तात्पर्य : उजेडाला बाहेर पडायला थोडी वाट पुरते, टिकायला मात्र भरभक्कम आडोसा लागतो.