बांधावरचा तांब्या

खडकवण्याच्या तळ्याचा बांध जिथे सुरू होतो, तिथे एक सपाट काळा दगड आहे. त्यावर भांड्याच्या बुडाएवढी गोल खळी पडली आहे. दर मार्गशीर्षात तळ्याचा जमाखर्च तपासायला सरकारी माणूस येतो, तेव्हा गावात जिचे मूल सर्वांत लहान असेल ती बाई पाण्याचा तांब्या या खळीत ठेवते. बांध पालथा घालून आल्याशिवाय तपासनिसाला घोटभरही पाणी मिळत नाही. पाहुण्यांना हे जरा उर्मट वाटते. मग गावातले म्हातारे केरूअण्णा दगडाशेजारी बसून सांगू लागतात.

पूर्वी म्हणे इथे शिदोजी पाटील होते. त्यांची लेक गोजरा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. घर बांधाच्या अगदी पायथ्याशी. पाऊस जाऊन दोन महिने झाले, तरी तिच्या खोलीच्या मागच्या भिंतीला ओल धरत होती. तिने पाळण्याची जागा तीनदा बदलली. आई म्हणाली, बाळंतिणीला सगळीकडे ओलच दिसते. गोजरालाही ते पटले. तान्हीच्या प्रत्येक शिंकेला आपला जीव वरखाली होतो, तर भिंतीचे काय घेऊन बसायचे? तरी रोज सकाळी भिंतीला हात लावल्याशिवाय तिला राहवेना, आणि रोज ओल बोटभर वर चढलेली असे.

त्याच सुमारास कसब्याच्या कचेरीतून तपासनीस आला, तो तिचाच नवरा, मानाजी. राज्य नवे होते, कारभारी नवे होते. जुन्या तपासनिसाला काढून याला धाडले होते. पण गावाची रीत जुनी. ज्या घरचे पाणी प्यायचे त्या घराला जाब विचारायचा नाही. म्हणून तपासनीस आला की आधी पाणी, मग जेवण, मग विडा, आणि विडा रंगेपर्यंत वहीवर शिक्का. यंदा तर जावईच आलेला. पुरण शिजत होते, मेव्हण्या थट्टा करत होत्या. पाटलांनी हाक मारली, पाणी गोजरानेच आणावे.

ती तांब्या घेऊन निघाली, कडेवर तान्ही. उंबऱ्याशी तिचे पाय अडले. आपलेच काही चुकत असेल, बापाची मान खाली जाईल, सगळे हसतील. पण बोटांवर अजून भिंतीचा गारवा होता. ती नवऱ्यासमोरून सरळ अंगणाबाहेर गेली, बांधाजवळच्या दगडावर तांब्या ठेवला आणि म्हणाली, “अहो, आधी बांध बघा. मग पाणी देते.”

चुलती कुजबुजली, “चार कोस चालून आलेल्या जावयाला तहानेला ठेवतेस, गोजरे?”

मानाजी तांब्याकडे पाहत राहिला. मग त्याने वही काखेत मारली आणि बांधावर चढला. वहीत दरसाल बाराशे पाट्या माती घातल्याचे लिहिले होते. घराच्या मागे आल्यावर त्याने काठी टेकवली, ती मुठीपर्यंत आत गेली.

मागून आलेल्या पाटलांनी ती काठी उपसली. मग म्हणाले, “माती घालायचीच होती. पण दरसाल तपासनीस येणार, बरोबर दहा माणसे, घोडी. पाहुण्याला उपाशी कसे धाडायचे? मातीचा पैसा त्यातच गेला.”

बांध राखायला ठेवलेला पैसा बांध तपासणाऱ्यांनीच खाल्ला होता, आणि तो वाढणारा हात गावाचाच होता. त्या दिवशीचे पुरण माती वाहणाऱ्यांना वाढले गेले. पहिली पाटी पाटलांनी उचलली, दुसरी मानाजीने. पाच दिवसांनी भिंतीची ओल थांबली, असे सांगतात. त्या पहिल्या संध्याकाळी, दिवसाची शेवटची पाटी पडल्यावर गोजराने दगडावरचा तांब्या नवऱ्याच्या हाती दिला, आणि पाटलांनी गावाला शपथ घातली: यापुढे आधी बांध, मग पाणी.

शेजारच्या गावात वेगळी तऱ्हा आहे, तिथे वही देवळात मोठ्याने वाचतात. त्यांच्यावर वेगळा प्रसंग गुदरला होता. इथे मात्र मोडी गेली, इंग्रज गेले, वहीच्या जागी संगणक आला, तरी तांब्या हलला नाही. गेल्या साली तालुक्याहून लेखापरीक्षक बाई आल्या. उन्हाने घसा सुकलेला, घरी तान्हे मूल ठेवून आलेल्या. दगडाशी उभ्या राहून त्यांनी अण्णांची सारी कथा ऐकली, पदर खोचला, आणि तांब्याकडे न बघता विचारले, “ते घर कुठे होते? तिथूनच सुरुवात करू.”

आजही त्या जागी बांध सर्वांत रुंद आहे.