ज्याला त्याला त्याचंच काम देणारं गाव

एका गावात एक पखालवाला होता, म्हणून गावाला पाणी होतं. नदीवरून कातडी पखाल भरायची, खांद्यावर घ्यायची आणि घरोघरी ओतायची, हे त्याचं काम. बायका त्याच्या वाटेकडे डोळे लावून बसत, आणि त्याची मान आपसूक ताठ होई.

मग राजाने दगडी पाट बांधला. पाणी आपल्या पायांनी प्रत्येकाच्या अंगणात आलं. पखालवाल्याला कुणी घालवलं नाही. फक्त हाक मारणं थांबलं.

पाटाच्या पाण्यावर एका माळीणबाईने वांगी-मिरचीचा मळा धरला. तिला हाताखाली माणूस हवा होता. बायको म्हणाली, "अहो, जा की. शिकवते म्हणाली ती."

"सगळ्या गावाला पाणी पाजलं मी," पखालवाला फणकारला. "आता त्या पोरसवदा बाईकडून खुरपं धरायला शिकू? लोक हसतील."

तेवढ्यात दारावरून एक पाहुणा चालला होता. पायांत जोडे होते, पण वाजत नव्हते. तो हळूच म्हणाला, "माळाच्या पलीकडं आमचं गाव आहे. तिथं ज्याला त्याला त्याचंच काम मिळतं. शिकायचं काही नाही."

आणखी काय हवं? "बस्तान बसलं की तुला न् लेकीला नेतो," असं बायकोला सांगून पखालवाला निघाला.

ते गाव भर दुपारी गाठलं. रस्ते झाडलेले, पण कुठं कुत्रं नाही, चुलीचा धूर नाही. सगळे मात्र कामात होते. न्हावी बसायच्या रिकाम्या लाकडी पाटासमोर वस्तरा फिरवत होता. सुईण पाळण्याला झोका देत होती. पाळण्यात कुणी नव्हतं. कल्हईवाला एकच पातेलं घासत होता, घासून घासून ते पानाइतकं पातळ झालेलं.

पाहुण्याने पखालवाल्याला विहीर दाखवली, हौद दाखवला. तो खूश! विहिरीतून भरायचं, हौदात ओतायचं. हसणारं कुणी नाही, हटकणारं कुणी नाही. दिवस कसे जात ते त्याला कळेना.

पण धंद्यातला माणूस तो. एक गोष्ट त्याला डाचू लागली. हौदावर कुणी पाणी प्यायला येतच नव्हतं. एवढं ऊन, एवढी कामं, आणि तहान कुणालाच नाही?

तो कल्हईवाल्याकडे गेला. "दादा, दमलात. घ्या, तोंड ओलं करा."

कल्हईवाल्याने मान वर केली. पखालवाल्याने धार सोडली. पाणी हनुवटीवरून खाली ओघळलं. आत जायला वाटच नव्हती. नाकाखाली नुसती गुळगुळीत कातडी होती.

पखालवाला मागे सरला. आपण शेवटचं पाणी कधी प्यायलो? आठवेना. त्याने ओठांवर बोट फिरवलं. एका कडेने ओठ जुळत आले होते. त्याने बोट घालून ते उसवले तेव्हा रक्त आलं, आणि तो मोठ्यानं ओरडला. गावात कुणी वळूनही पाहिलं नाही.

तो वेशीकडे धावला. वेशीवर तोच पाहुणा उभा होता. "आता बायको-लेकीला बोलाव," तो गोड आवाजात म्हणाला. "लेक काय करते?"

"लहान आहे. दिवसभर बडबडते."

"इथं ती शांत होईल."

पखालवाला म्हणाला, "मला जायचंय."

"जा. पखाल ठेवून जा. मात्र बाहेर पडलास की तू कुणी नाहीस, ध्यानात ठेव."

पखालीचा पट्टा खांद्यात रुतून बसला होता. त्याने दात खाऊन ओढला. पट्ट्याबरोबर कातडं आलं. पखाल धप्पकन खाली पडली. मग ती हळूहळू उठली आणि कुणी खांद्यावर घ्यावी तशी अधांतरी, विहिरीकडे निघाली.

पुढचा माळ वाईट होता. हलका खांदा त्याला सहन होईना. समोरून एक मेंढपाळ आला. "कोण तुम्ही?" त्याने विचारलं. पखालवाल्याने तोंड उघडलं, पण सांगायला काही सापडलं नाही. त्याची लाज वाटून त्याला रडू आलं. मागे वळावंसं फार वाटलं. वाटेत कितीतरी दिवसांनी तहानेनं घशाला कोरड पडली, आणि ती कोरड धरून तो चालत राहिला.

दुसऱ्या दिवशी तो आपल्या गावच्या मळ्यात उभा राहिला. माळीणबाईने रोपं हातात दिली. त्याने वांग्याची रोपं पार शेंड्यापर्यंत मातीत दाबली.

"अहो, रोप लावायचंय, पुरायचं नाही!" माळीणबाई म्हणाली.

बांधावर बसलेली त्याची लेक खदाखदा हसत सुटली. पखालवाला तिच्या उघड्या तोंडाकडे कितीतरी वेळ बघत राहिला. मग त्याने रोपं उपटली आणि पुन्हा लावायला घेतली.

तात्पर्य: सुटलेलं काम खांद्यावरून उतरवावं आणि नव्या कामात थोडं हसं करून घ्यावं, हसायला तरी आपली माणसं उरतात.