शनिवारचं पुडिंग

“मग चुकतं कुठे, बाई?”

करुणाबाई परातीतली आलुबुखारं निवडत होत्या. पिकून मऊ झालेली एकीकडे, कडक दुसरीकडे.

“तीन वेळा केलं मी,” रूबेन म्हणाला. “तिन्ही वेळा बाबांनी एक चमचा तोंडात घेतला आणि बशी सरकवली. म्हणाले, हे नव्हे.”

“आणखी काय म्हणाले?”

“काही नाही. भिंतीकडे तोंड केलं.”

रूबेन आढाव पुण्यातल्या एका मोठ्या हॉटेलात मुख्य शेफ होता. परदेशात शिकून आलेला, नावाजलेला. त्याच्या हातचं खाऊन कुणी बशी सरकवावी, याची त्याला सवय नव्हती.

त्याचे वडील याकोब वाईला राहायचे. महिनाभर अंथरुणावर होते आणि पंधरा दिवसांपासून त्यांनी खाणं जवळजवळ सोडलं होतं. डॉक्टर म्हणाले होते, आता ते मागतील ते द्या. त्यांनी एकच गोष्ट मागितली होती. सुवार्ताच्या हातचं पाव-आलुबुखाराचं पुडिंग.

सुवार्ता म्हणजे रूबेनची आई. तिला जाऊन सहा वर्षं झाली होती.

ती पाचगणीला मुलींच्या एका वसतिगृहात करुणाबाईंच्या हाताखाली काम करायची. बाईंनी अडतीस वर्षं ते स्वयंपाकघर सांभाळलं. लग्न केलं नाही. आता दोन खोल्यांच्या घरात एकट्या राहत. अंगणात आलुबुखाराचं एकच झाड, पण मे महिन्यात फांद्या वाकून जमिनीला टेकायच्या. गावातल्या कितीतरी बायका पाव, केक, जॅम त्यांच्याकडेच शिकल्या होत्या. सगळ्या त्यांना नुसतं ‘बाई’ म्हणत.

“पाव कुठला घेतलास?” बाईंनी विचारलं.

“आमच्या बेकरीतला. लोण्याचा. सकाळीच भाजलेला.”

“ताजा?”

“एकदम ताजा.”

“ताजा पाव आधीच भरलेला असतो. तो रस कुठे पिणार?”

रूबेनच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्याने सोबत आणलेली कातडी पेटी उघडली. सुऱ्या, तापमापक, दालचिनीची पूड, व्हॅनिलाची बाटली, वाइनची छोटी बाटली.

बाईंनी ते सगळं बघितलं.

“बंद कर,” त्या म्हणाल्या.

त्याने पेटी बंद केली.

मग त्यांनी त्याला बिया काढायला बसवलं. सुरी दिली नाही. अंगठ्याने काढ म्हणाल्या. रस मनगटावरून कोपरापर्यंत ओघळला. फळं पातेल्यात गेली, वर साखर. पाणी नाही.

“साखर किती?”

“चाखून बघ.”

“आंबट आहे.”

“मग घाल.”

“आता?”

“मला काय विचारतोस? जीभ तुझ्या तोंडात आहे.”

मंद आचेवर फळांना रस सुटला. आधी गुलाबी, मग गर्द लाल, पार जांभळटाकडे झुकलेला. बाईंनी तीन दिवसांच्या शिळ्या पावाच्या कडा कापल्या आणि चिनी मातीचा वाडगा पुढे सरकवला. रूबेनने आतून पावाचे तुकडे लावले, तळाला आणि बाजूंना. हे काम त्याला छान येत होतं. एक फट राहिली नाही. वर गरम फळं ओतली, मग पावाचं झाकण, त्यावर बशी, बशीवर वरवंटा.

घड्याळात साडेअकरा झाले होते.

“आता किती वेळ?”

“रात्रभर. त्याशिवाय रस पावात शिरत नाही. उद्या सकाळी उपडा केलास की अख्खा घुमट सुटून येईल, आतबाहेर लाल. सुवार्तालाही मी हेच शिकवलं.”

“मीही रात्रभरच ठेवलं होतं,” रूबेन म्हणाला. “रंग असाच आला होता. माझं एकही मोडलं नाही.”

बाई पदराला हात पुसत होत्या. त्या थांबल्या.

“एकही नाही?”

“नाही.”

“तुझ्या आईचं प्रत्येक वेळी मोडायचं,” त्या म्हणाल्या.

“मोडायचं?” रूबेनने विचारलं.

“तुझे बाबा तेव्हा कोयनानगरला नोकरीला. तू पाळण्यात. शनिवारी संध्याकाळी सातच्या गाडीने यायचे आणि रविवारी पहाटे परत. वसतिगृहात आठवड्याचा उरलेला पाव आम्ही शनिवारी दुपारी वाटायचो. तो हातात पडला की सुवार्ता धावत सुटायची. माझ्या झाडाची फळं ओच्यात भरायची आणि घर गाठायची. दुपारी लावायची, संध्याकाळी काढायची. मी तिला रागवायचे. म्हणायचे, अगं, कच्चं राहतं, मुरू दे, रविवारी दुपारी खा. ती म्हणायची…”

“काय म्हणायची?”

“म्हणायची, रविवारी दुपारी कोण असतं, बाई?”

अंगणात एक फळ गळून पडलं. दोघांनी तिकडे बघितलं नाही.

रूबेन वाडग्यासमोर बसून होता. त्याला आईचं पुडिंग आठवायला हवं होतं, पण त्याच्या आठवणीत होती ती पुढच्या काळातली आई. बाबांची वाईला बदली झाल्यानंतरची. तेव्हा ते पुडिंग घरात बंदच झालं होतं. का, ते त्याने कधी विचारलं नव्हतं.

चारच्या सुमाराला बाई उठल्या. त्यांनी वाडग्यावरचा वरवंटा उचलून बाजूला ठेवला.

“बाई, अजून झालेलं नाही!”

“गाडी काढ.”

पसरणीचा घाट उतरताना बाई पुढच्या सीटवर होत्या. टॉवेलात गुंडाळलेला वाडगा मांडीवर. वळणावळणाला त्या दोन्ही हातांनी तो धरत.

याकोबांची खाट खिडकीपाशी होती. बाईंना बघून त्यांनी उठायचा प्रयत्न केला.

“पडून राहा, आढाव.”

“बाई… तुम्ही एवढ्या लांब…”

रूबेनने बशी लावून वाडगा उपडा केला. हलकेच उचलला.

पुडिंग क्षणभर उभं राहिलं. मग एका बाजूने खचलं. पाव फाटला, फळं बाहेर आली, रस बशीभर पसरला. लाल पावात जागोजागी पांढरे डाग राहिले होते.

हॉटेलात असं काही झालं असतं तर त्याने ते फेकून दिलं असतं. हात आपोआप चमच्याकडे गेला, निदान कडा सारख्या कराव्यात म्हणून. बाईंनी त्याचं मनगट धरलं.

याकोब बशीकडे बघत होते.

मग त्यांनी बोटाने एका पांढऱ्या डागाला स्पर्श केला.

“कोमट आहे,” ते म्हणाले.

रूबेनने पहिला घास भरवला. दुसरा. तिसऱ्याला त्यांनी चमचा स्वतःच्या हातात घेतला. रस हनुवटीवर सांडत होता. ते थांबले नाहीत. बशी खरवडेपर्यंत थांबले नाहीत.

“किती वेळा सांगितलं तिला,” ते म्हणाले, कुणाला ते कळलं नाही. “एवढी धावत येऊ नकोस. मी काय पळून चाललोय?”

त्यांनी दाराकडे बघितलं.

“पण पळूनच तर जायचो मी… पाचच्या गाडीने.”

रूबेनने त्यांची हनुवटी पुसली. त्याला मान वर करता येईना. लहान असताना बाबांनी त्याला कधी जवळ घेतल्याचं आठवत नव्हतं. आता त्यांनी आपला चिकट हात त्याच्या डोक्यावर ठेवला आणि तसाच राहू दिला.

त्यानंतर याकोब तीन आठवडे होते. रूबेन रजा वाढवून वाईतच राहिला. पाच वेळा तो घाट चढून बाईंच्या झाडाखाली गेला, आणि पाच वेळा त्याने पुडिंग दुपारी लावून संध्याकाळी काढलं. पाचही वेळा ते मोडलं. शेवटच्या वेळी याकोबांनी एकच चमचा घेतला. पण बशी सरकवली नाही. उशाशी ठेवून घेतली.

दफनविधीनंतर आठवड्याने रूबेन पाचगणीला आला. झाडावरची फळं संपली होती. बाई ओसरीवर बसल्या होत्या. तो त्यांच्या पायाशी, खालच्या पायरीवर बसला.

“बाई, आईला तुम्ही इतकं रागवायचात. नीट शिकवलेलं ती कधी करायची नाही म्हणून.”

“हो.”

“मग शेवटी बरोबर कोण होतं? तुम्ही, की ती?”

बाईंनी आपले दोन्ही हात मांडीवर उताणे करून ठेवले. तळव्यांकडे बघत राहिल्या.

“माझं कधी मोडलं नाही रे…” त्या म्हणाल्या. “अडतीस वर्षांत, एकदाही नाही.”