दाढीवाल्या कोल्ह्यांचे पूर्वज

पश्चिमेकडच्या एका अरण्यात साळूनाना नावाचे म्हातारे साळिंदर राहत. ते संग्रहालयाची राखण करीत, आणि त्यांच्या टेबलाच्या खणात एक पत्र वर्षभर उत्तराविना पडून होतं.

पत्र दक्षिण किनाऱ्यावरच्या चंद्री शेळीचं होतं. 'नाना, आमचं कुरण जळालं. तुमच्याकडे म्हणे आमच्याच पूर्वजांची पूजा होते. मग मला आणि माझ्या दोन करडांना आत घेतील का?'

नानांनी सतरा वेळा उत्तर लिहिलं आणि फाडलं. आपल्याला खात्रीने काय ठाऊक आहे, हीच त्यांना शंका.

राज्य कोल्ह्यांचं होतं. त्यांनी चंद्रीच्या गावातून संगमरवरी बोकडांचे पुतळे जहाजात घालून आणले होते, आणि तेव्हापासून ते स्वतःला बोकडांचे वंशज म्हणवत. सभेत बोलायला उठणारा कोल्हा आधी डिंकाने दाढी चिकटवी, तीनदा 'बें' करी. सभा संपली की शेळीच्या मटणाचं जेवण असे.

उत्तर येईना, तेव्हा चंद्रीने थेट सभेकडेच अर्ज केला.

"अर्जदार तपकिरी ठिपक्यांची आहे," सभापती म्हणाले. "आपले पूर्वज शुभ्र होते. गर्वाने म्हणा..."

"आम्ही बोकड," सभा गरजली.

नाना चाचरत उठले. "साहेब, धूळ झटकताना मोठ्या बोकडाच्या कानामागे तपकिरी रंग दिसला. पुतळे रंगवलेले असावेत, रंग पावसाने धुऊन गेला. म्हणजे, माझी चूकही असेल."

"नाना, चष्मा पुसा."

"सकाळीच पुसलाय, साहेब."

"मग कान पुसा."

तसा ठराव एकमताने झाला. नानांनी ओल्या फडक्याने पुतळ्याचा कान पुसला. फडकं तपकिरी झालं, कान शुभ्र. त्यांच्या मनात आयुष्यात पहिल्यांदाच शंका उरली नाही.

"पुरावा समोर आहे," सभापती दाढी दाबून बसवत म्हणाले. "अर्ज नामंजूर. बाईंचा दगडी पुतळा झाला, तर फेरविचार करू."

सगळे जेवायला गेले. नानांनी फडकं वाळवलं, घडी करून पाकिटात घातलं आणि अठराव्यांदा लिहायला बसले. 'चंद्रीबाई, उशिराबद्दल माफ करा. तुमच्या पूर्वजाचा रंग सोबत पाठवतो आहे, तुमचं एवढंच मला परत करता आलं. करडांना घेऊन दुसरीकडे जा. इथे तुमच्या पूर्वजांना चौथरा आहे. तुम्हाला ताट आहे.'

हे पत्र त्यांनी फाडलं नाही. चौकातल्या टपालपेटीत टाकलं. पेटीवर पूर्वज बोकडाचं चित्र होतं. निवडणूक जवळ आल्यामुळे त्याला नुकताच पांढऱ्या रंगाचा आणखी एक हात दिला होता.